देवीच्या अंगणातली काठी

जबलपूरला विजय नगरात पद्मजा मुळमुले यांचं घर शोधायचं असेल तर नाव सांगून फारसा उपयोग होत नाही. "बर्फवाली मॅडम" म्हटलं की कोपऱ्यावरचा भाजीवाला हातातली मुळ्याची जुडी वर करून दुसऱ्या मजल्याची गॅलरी दाखवतो. नव्या भाडेकरूंना वाटतं, बाई लग्नकार्यात बर्फाच्या लाद्या पुरवत असतील. एकदा एक गृहस्थ मुलीच्या रिसेप्शनसाठी चार लाद्या सांगायला जिना चढून आलेही होते. पद्मजाताईंनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि समजावून सांगितलं, की आमचा बर्फ इथून हजार किलोमीटरवर असतो. तो घरपोच येत नाही, आपल्यालाच त्याच्याकडे जावं लागतं.

मूळच्या त्या भूगोलाच्या बाई. शहरातल्या एका मराठी शाळेत सव्वीस वर्षं त्यांनी सातवी-आठवीला भूगोल शिकवला. पुढे मराठीतून शिकणारी मुलंच उरली नाहीत. शेवटच्या वर्षी वर्गात नऊ जण होते, त्यातले चार एकमेकांचे सख्खे-चुलत भाऊ. शाळेचा मराठी वर्ग बंद झाला तेव्हा पद्मजाताई पन्नाशीला टेकल्या होत्या. त्या हिवाळ्यात मैत्रिणींबरोबर हरिद्वारला गेल्या, आणि तिथे कुणीतरी सुचवलं म्हणून आणखी वर, गढवालात दियारखाल नावाच्या गावी. गावाच्या वरच्या अंगाला एक लांब मोकळा उतार आहे. थंडीत तिथे लोक पायाला दोन लांब पट्ट्या बांधून बर्फावर घसरायला शिकतात. स्की म्हणतात त्याला. ज्या माणसानं आयुष्यात बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिला, त्यानं त्या वयात असली भानगड करू नये, असं मैत्रिणींनी परोपरीनं सांगितलं. पद्मजाताई त्या दिवशी अकरा वेळा पडल्या. बाराव्यांदा जे पन्नास पावलं सरळ घसरत गेल्या, ते नर्मदेत पहिल्यांदा पोहता आलं होतं तेव्हासारखं वाटलं, असं त्या सांगतात.

तेव्हापासून दर जानेवारीत त्या जबलपूरची दहा-बारा माणसं घेऊन दियारखालला जातात. तिथे सोबनसिंग नावाचा माणूस आहे. त्याच्या चार खोल्या आहेत आणि तोच स्की शिकवतो. खाण्यापिण्याचं, राहण्याचं सोबनसिंग बघतो. पद्मजाताईंचं काम एकच. कधी निघायचं ते सांगणं.

हे काम ऐकायला सोपं वाटतं, पण बर्फ काही सुट्ट्यांची यादी बघून पडत नाही. फोनवर दियारखाल टाकलं की बर्फाच्या फुलांची सुरेख चित्रं येतात आणि लोक हुरळून जातात. पद्मजाताई त्या चित्रांकडे बघतच नाहीत. फोन जे तापमान दाखवतो ते दियारखालचं नाही, खाली दरीतल्या गावाचं, एकोणीसशे मीटरवरचं. उतार त्याच्याही हजार मीटर वर. हजार मीटर चढलं की साडेसहा अंश उतरतात, हे त्यांनी सव्वीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. गावात सहा अंश असेल तर उतारावर शून्याच्या जरा खाली, म्हणजे बर्फ. गावात दहा असेल तर वरही पाऊसच, आणि पाऊस पडला की आधीचा बर्फही गेला. मग पाणी किती पडणार ते बघायचं. दहा मिलिमीटर पाण्याचा चार इंच बर्फ होतो. थंडी कडक असली तर पाच, हवा उबदार असली तर तीनच. हे सगळं त्या चौकडीच्या वहीत रोज लिहीत.

बर्फाची नावंही त्यांनी स्वयंपाकघरातून उचललेली. कोरडा, उडणारा तो मैदा. हातात गोळा होतो तो खवा. गोल टणटणीत दाणे पडले तर साबुदाणा. आणि दिवसा उन्हानं वितळून रात्री पुन्हा गोठला की वर जी धरते, ती पापडी. मैद्यावर पडलं तर हसू येतं, पापडीवर पडलं तर एक्स-रे काढावा लागतो, असं त्या नवीन माणसांना पहिल्या दिवशीच सांगून ठेवतात.

आणि घरबसल्या एक खूण होतीच. ऐन जानेवारीत जबलपूरला आभाळ भरून आलं, रात्री दुलई नकोशी झाली आणि मावठा पडला, म्हणजे हिवाळ्यातला तो भुरभुर पाऊस, की त्याच ढगांची वरची फळी हिमालयावर बर्फ टाकत असणार. ताई गच्चीवर वाळवण गोळा करता करता म्हणत, "चलो, आज तिकडे चांदी आहे." वाऱ्याचा रकाना मात्र त्या फारसा बघत नसत. वारा म्हणजे स्वेटर एक घ्यायचा की दोन, एवढ्यापुरता.

आता काठीचं सांगायला हवं.

पडणारा बर्फ फोन सांगतो, पण पडून उरलेला किती, ते तिथे जाऊनच मोजावं लागतं. पद्मजाताईंचे यजमान अच्युतराव कारखान्यात माप तपासणीस होते. तयार झालेला सुटा भाग बरोबर आहे का, हे ज्या साच्यानं मोजतात त्याला गेज म्हणतात, आणि तो गेज स्वतः बरोबर आहे का, हे तपासायचं काम अच्युतरावांचं. त्यांनी सहा फुटी बांबूवर तांबड्या रंगानं इंचाच्या खुणा करून दिल्या. केसाचाही फरक नाही. ती काठी आगगाडीतून नेताना डब्यातल्या लोकांनी विचारलं, "माताजी, झंडा चढ़ाने जा रही हैं क्या?"

पहिल्या वर्षी काठी मोकळ्या उतारावर रोवली, ती आठ दिवसांत कुणाच्या तरी चुलीत गेली. दुसऱ्या वर्षी तशीच दुसरी नेली, ती एका सहलीतल्या पोरांनी फोटोसाठी उपटली आणि बरोबरच नेली. तिसऱ्या वर्षी ताई म्हणाल्या, "सोबनभैया, देवी के आँगन में गाड़ दो. वहाँ से कौन उखाड़ेगा?"

उताराच्या कडेलाच भगवतीचं छोटं देऊळ आहे, दगडी भिंतीच्या आवारातलं. तिथे काठी रोवली आणि खरंच कुणी हात लावला नाही. उलट वर्षभरात गावातल्या बायकांनी तिला कुंकू लावलं. पुढच्या वर्षी कुणी लाल चुनरी बांधली. मग परकरी पोरी येता-जाता तिच्या पाया पडायला लागल्या. सोबनसिंग रोज सकाळी तिचा फोटो पाठवायचा आणि ताई तो आकडा 'चलो बर्फ' नावाच्या फोनवरच्या ग्रुपात टाकायच्या. त्या ग्रुपात आठ वर्षांतली जुनी-नवी साठेक माणसं होती. आकडा दोन फुटांच्या वर गेला की निघायचं. साधा नियम होता.

यंदाच्या जानेवारीत प्रजासत्ताक दिनाला जोडून चार दिवस सुट्टी आली. बारा जण तयार झाले. आणि तेरावं नाव अच्युतरावांनी स्वतः लिहिलं. आठ वर्षं हा माणूस "पैसे देऊन थंडी खायला कोण जाते?" म्हणून हसत होता. कारखान्यातून निवृत्त होऊनही तीन वर्षं झाली होती, सबबी संपल्या होत्या.

"काहून, आता काहून येऊन राहिले?" ताईंनी विचारलं.

"तुझं माप खरं निघते का, ते बघायले," अच्युतराव म्हणाले. "आयुष्यभर दुसऱ्यांचं तपासलं."

बोलले थट्टेनं. पण ताईंना ते फार आतवर लागलं, आणि बरंही वाटलं. नवऱ्यानं आपलं काम बघावं, असं कुठल्या बाईला वाटत नाही? त्यांनी लोकरीची टोपी आणून दिली. अच्युतराव ती घालून आरशासमोर गुडघे वाकवून उभे राहायचे.

निघायचं गुरुवारी दुपारी, मदन महल स्टेशनावरून. सोमवारी काठीचा आकडा आला, अठ्ठावीस इंच. ग्रुपात टाळ्यांची आणि बदामांची चित्रं पडली. ताईंनी मात्र वही काढली. डिसेंबरपासून तीनदाच बर्फ झाला होता, तिन्ही मिळून सव्वीस मिलिमीटर पाणी. त्याचा दहा-साडेदहा इंच बर्फ, तोही खाली बसून बसून सात-आठ उरायला हवा. अठ्ठावीस आले कुठून? तसा दरवर्षीच काठीचा आकडा वहीपेक्षा थोडा जास्त असे. ताई म्हणत, फोनला वरचं काय कळतंय, आणि देवीची कृपा. पण यंदा फरक तिपटीचा होता.

अच्युतरावांनी खांद्यावरून वहीत डोकावलं. "दोन मापं, अन् दोघांत इतका फरक? कारखान्यात असतं तर मला झोप लागली नसती."

"तुमचा लोखंडाचा कारखाना," ताई म्हणाल्या. "हा निसर्ग आहे."

"अच्छा," म्हणून ते पेपर वाचायला गेले. झोप लागली नाही ती ताईंनाच.

प्रवासाला निघण्याआधी नर्मदेच्या ग्वारीघाटावर जाऊन दिवा सोडायचा, हा त्यांचा नेम. मंगळवारी सकाळी त्या गेल्या. पाण्यावर धुकं होतं. पात्रातच जे छोटं देऊळ आहे, त्याच्यामागे भैयालाल नावाडी नाव लावून जाळीनं फुलं काढत होता. आदल्या दिवसाची झेंडूची फुलं, हार, पानांचे द्रोण, सगळं तिथे साचून पाण्यावर जणू सतरंजी पसरली होती. आजूबाजूचं पाणी अगदी साफ.

"इतने फूल?" ताईंनी विचारलं. "कल कोई पर्व था क्या?"

"काहे का पर्व, दीदी. रोज के हैं. पूरे घाट का फूल यहीं आके बैठता है. बीच धार में एक पंखुड़ी नहीं मिलेगी."

"यहीं क्यों?"

"आड़ है न. मंदिर से धार कट जाती है, तो जो लाती है सो यहीं पटक देती है." भैयालालनं जाळी झटकली. "नया आदमी देखे तो समझे, सारा जबलपुर इसी कोने में चढ़ा गया."

ताईंच्या हातातला दिवा लावायचा राहिला. त्या पायरीवरच बसल्या. इथे पाणी, तिथे वारा. इथे फुलं, तिथे बर्फ. देवळाची भिंत वारा अडवते आणि वाऱ्यानं साऱ्या उतारावरून उचलून आणलेला बर्फ आतल्या अंगाला टाकते. अंगणात साठलेला तो ढीग आपण सहा वर्षं उताराचा बर्फ म्हणून सांगत आलो. सातवीच्या पुस्तकात वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्यांचं चित्र होतं. अडथळ्याच्या मागे वाळू कशी साचते, ते बाण काढून त्यांनी स्वतः शिकवलं होतं. परीक्षेत विचारलंही होतं.

दिवा सोडून "नर्मदे हर" म्हणून त्यांनी तिथूनच फोन लावला.

"सोबनभैया, आज काठी क्या बोल रही है?"

"अट्ठाईस, दीदी. माता की कृपा है."

"और ढलान पर कितनी है?"

सोबनसिंग म्हणाला, "ढलान का तो आपने कभी पूछा ही नहीं. आपने काठी का बोला था, मैं काठी का भेजता रहा."

"अब पूछ रही हूँ."

तासाभरानं व्हिडिओ आला. सोबनसिंग उतारावर लोखंडी सळई टोचत चालला होता. सात इंच. पाच. नऊ. एका ठिकाणी सळई टेकली ती पिवळ्या गवतावरच. आणि प्रत्येक वेळी सळई आत शिरण्याआधी टक् असा आवाज. पापडी. नवशिक्यानं तिथे उभं राहायची सोय नव्हती.

"तीन दिन से हवा चल रही थी, दीदी. उड़ा ले गई."

"पहले भी ऐसा होता था?"

"जिस साल हवा चली, उस साल होता था."

"तो बताया क्यों नहीं, भैया?"

"आप भूगोल की मास्टरनी हैं," सोबनसिंग अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. "मैंने सोचा, ये सब जोड़ के ही बोलती होंगी."

ताई घरी आल्या तेव्हा अच्युतराव बॅग भरत होते. त्यांना सांगायचं ताईंच्या अगदी जिवावर आलं. मनात एकदा येऊनही गेलं, की फोटो खोटा नाही, अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस, जाऊ द्यावं सगळ्यांना. तिथे गेल्यावर वारा आला म्हणता येईल. तसं याआधी दोनदा म्हटलंही होतं, तेव्हा खरंच तसं वाटत होतं म्हणून. आता माहीत असून म्हणायचं म्हणजे वेगळी गोष्ट. देव्हाऱ्यापुढे दोन मिनिटं उभं राहून त्यांनी हात जोडले आणि बाहेर येऊन सगळं सांगितलं.

अच्युतरावांनी काठीचा फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. "काठीत खोट नाही," ते म्हणाले.

"नाही. जागेत आहे. अन् जागा मी सांगितली होती."

"मग आता?"

"आता काय? ग्रुपात टाकते, यंदाचं जाणं पुढं ढकललं म्हणून. पुढच्या बुधवारी मोठं आभाळ दिसून राहिलं तिकडे. तीसेक मिलिमीटर पडेल. त्यानंतर आठ दिवसांनी जाऊ."

"अन् मागचं?"

"मागचं काय?"

अच्युतरावांनी चष्मा काढला. "कारखान्यात गेज खोटा निघाला तर नुसता गेज बदलत नाहीत, पद्मजा. त्या गेजनं आजवर जे जे पास केलं, ते सगळं परत बोलावतात. गावोगाव गेलेलं असलं तरी."

"लोक घसरले, परत आले, फोटो लावले. त्यांना आता काय परत बोलावू?"

"सगळे धड परत आले?"

ताईंनी वही पुन्हा पुढ्यात ओढली. अनसूया धड परत आली नव्हती.

अनसूया पिंपळखुटे, मदन महलला राहणारी, कॉलेजात ग्रंथपाल. तीन वर्षांपूर्वी ती बर्फावर पडली आणि तिचं मनगट मोडलं. ताईंनी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "अनसूया, तू गुडघे वाकवत नाहीस. दोन फूट बर्फावर कुणाचं हाड मोडते काय?" पुढे हळदीकुंकवालाही एकदा गमतीनं तेच बोलून झालं होतं. त्यानंतर अनसूया बर्फाला कधी आली नाही. वहीत त्या वर्षीचं पान काढलं तर दोन फूट फक्त काठीचे. वहीच्या हिशेबानं आठ इंच होते. आणि ताईंनी कधी न बघितलेल्या वाऱ्याच्या रकान्यात त्या आठवड्याला सलग मोठे आकडे.

संध्याकाळी दिवेलागणीला त्या मदन महलला गेल्या. अनसूया मटार सोलत बसली होती. "या पद्माताई! परवा निघून राहिल्या नं? भाऊजी पण जात आहेत म्हणे. कुठून निघाला हा सूर्य?"

"निघत नाही आम्ही," ताई म्हणाल्या, आणि परातीतले थोडे मटार पुढ्यात ओढून सोलायला लागल्या. हाताला काम असलं की बोलणं सोपं जातं. त्यांनी काठीचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं, फुलांचं सांगितलं. मग म्हणाल्या, "त्या वर्षी दोन फूट नव्हते, अनसूया. तू आठ इंचांवर पडली होतीस, तेही पापडीवर. खाली दगडासारखी जमीन. तुझी चूक नव्हती. मी चुकीचं सांगितलं, अन् वरून तुलाच बोलले."

अनसूयाचे हात थांबले.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "तीन वर्षं मी गुडघे वाकवायची प्रॅक्टिस करून राहिले, पद्माताई. दूध तापवताना. आमच्या घरच्यांना वाटते मला संधिवात झाला."

ताईंना हसू आलं आणि लगेच डोळे भरले. अनसूया मात्र हसत नव्हती.

"हळदीकुंकवाला बोललात ते लागलं होतं मला," ती म्हणाली. "हात बरा झाला सहा आठवड्यांत. ते नाही झालं."

"हो. चुकलंच माझं."

"ग्रुपात सांगाल?"

"उद्या सकाळी. म्हणून तर आधी तुझ्याकडे आले."

"माझं नाव घालून सांगा," अनसूया म्हणाली. "नाव सगळ्यांसमोर गेलं होतं नं, मग यायलाही सगळ्यांसमोरच पाहिजे." आणि उठून चहा ठेवायला गेली. आतून म्हणाली, "साखर किती, विसरले मी. इतके दिवस आला नाहीत."

बुधवारी सकाळी पूजा झाल्यावर ताईंनी लिहायला घेतलं. तीनदा खोडलं. शेवटी साठ जणांना गेलं ते असं: "काठी देवळाच्या भिंतीआड आहे, तिथे वाऱ्यानं बर्फ साचतो. सहा वर्षं मी तो आकडा उताराचा म्हणून सांगितला, तो चूक होता. सध्या उतारावर पाच ते नऊ इंच कडक बर्फ आहे, काही ठिकाणी गवत. उद्याचं जाणं रद्द. तीन वर्षांपूर्वी अनसूया पिंपळखुटे पडली ती माझ्या चुकीच्या मापामुळे. तिचे गुडघे बरोबर होते. पुढचा अंदाज खाली देते, पण तो अंदाज आहे."

अर्ध्या तासानं एकानं लिहिलं, "मैडम, फोटो में तो इतनी बर्फ दिख रही है!" त्याला दुसऱ्यानं सांगितलं, पुन्हा वाच. कुणी रागावलं, मुलांच्या सुट्ट्या काय पुढे सरकतात का, म्हणालं. ते खरंच होतं, आणि ताईंनी तसं कबूलही केलं. बारातले पाच जण गळाले. आणखी दोघं दुसऱ्या कुणाबरोबर दुसरीकडे गेले. जुन्यांपैकी एकीनं फक्त एवढंच लिहिलं, "म्हणून त्या वर्षी माझ्या पायाला गवत लागलं होतं. मी म्हटलं, सांगावं कसं."

दुपारी अनसूयाचा निरोप आला. ग्रुपात नाही, एकट्या ताईंना. "फेब्रुवारीत माझं नाव घाला. पण सळई मी टोचीन."

पुढच्या मंगळवारी जबलपूरला आभाळ भरलं. बुधवारी मावठा पडला. ताई गच्चीवर गेल्या, पण चांदी वगैरे काही बोलल्या नाहीत. खाली येऊन आधी वाऱ्याचा रकाना बघितला.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आठ माणसं दियारखालला पोचली. ताईंनी आधी देवळात जाऊन देवीची ओटी भरली. काठी तिथेच होती, नव्या चुनरीसकट, बर्फात कमरेएवढी रुतलेली. अच्युतरावांनी आपल्या हातच्या खुणा जवळ जाऊन बघितल्या, रंग अजून टिकून होता. उपटायचा विषय कुणी काढला नाही. कुंकू लागलेल्या गोष्टीला कोण हात लावतो? तिला फक्त आता आकडा विचारायचा नाही, इतकंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन यायच्या आत, चौघं उतारावर गेली. सोबनसिंग पुढे, अनसूया खुणा केलेली सळई घेऊन त्याच्यामागे, मग ताई वही घेऊन, आणि सगळ्यात शेवटी लोकरीची टोपी कानावर ओढून अच्युतराव. ताई जागा सांगायच्या, अनसूया टोचायची आणि अच्युतराव वाकून आकडा वाचायचे. चौदा. अकरा. पंधरा. मग डाव्या कडेला, जिथे उताराला जरा बाक येतो आणि वारा घासून जातो, तिथे सहा. खाली पुन्हा बारा. अनसूयानं डाव्या कडेच्या जागी सळईनं दोनदा ठोकून पाहिलं आणि ताईंकडे बघितलं. टक्.

"सरासरी साडेअकरा," अच्युतरावांनी तोंडीच हिशेब केला. "छान आहे की. साडेअकरा सांग."

"सहा सांगते," ताई म्हणाल्या.

"अगं, सहा एकाच जागी आहे."

"पडणारा माणूसही एकाच जागी पडतो, हो. सरासरीवर कुणी पडत नाही."

बत्तीस वर्षं मापं तपासलेल्या माणसाला या वाक्यात काढायला खोट सापडली नाही. त्यांनी मुकाट्यानं वहीत बघून आकडा पुन्हा वाचला. "सहा," ते म्हणाले. "बरोबर."

सोबनसिंगनं डाव्या कडेला दोन फांद्या रोवून दोरी बांधली. खालच्या बारा इंचांवर, मैद्यासारख्या बर्फावर, आठ जणांचं शिकणं सुरू झालं. अनसूया पहिल्याच फेरीला बसकण मारून पडली, अंगावरचा बर्फ झटकत उठली आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. अच्युतराव चार वेळा पडले. पाचव्यांदा दहा-बारा पावलं सरळ गेले आणि थांबायचं कसं ते न सुचल्यानं ओरडत सोबनसिंगच्या गळ्यात पडले.

दुपारी जेवताना आठांतला एक जण म्हणाला, "ताई, उद्या अजून पडणार आहे म्हणे. फोन दाखवून राहिला. उद्या वरपर्यंत जाऊ नं?"

पूर्वी ताईंनी लगेच आकडा सांगितला असता. आता त्यांनी भातावर वरण वाढून घेतलं, खिडकीतून उताराकडे बघितलं. वरच्या धारेवरून बर्फाची बारीक धूळ उडत होती, वायव्येकडून.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "सकाळी टोचून सांगते."